मागच्या दारचा कॅमेरा

"दामाऽऽ, काठी आन रं! काशाऽऽ, तू बांधावून फिर, मी पुढून येतो!"

साठी उलटली तरी भामाच्या कानात बापाची ही हाक जशीच्या तशी होती. खाडीकाठचं मिठागर, दिवेलागणीच्या उजेडात निळसर दिसणाऱ्या मिठाच्या राशी, आणि झोपडीच्या दारात उभं राहून तोंडाशी हाताचा द्रोण करणारा बाप. अंधार पडायच्या सुमारास मीठ चोरायला होड्या यायच्या. बाप हाका मारायचा आणि होड्या मुकाट माघारी वळायच्या. लहानग्या भामाला वाटायचं, पलीकडच्या बांधावर दामाकाका आहे, काशाकाका आहे. एकदा तर ती दोघांसाठी भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून बांधभर फिरून आली. मग बापाने तिला जवळ बसवलं. म्हणाला, "कोन नाय गो पोरी. दामा नाय नि काशा नाय. मी एकटाच हाय. पन हे चोराला सांगायचं नसतं. तुला सांगायचं असतं."

बाप गेला. मिठागरही गेलं, तिथे आता बंदराचे कंटेनर एकावर एक रचलेले असतात. त्याच बंदरात भामाचा मुलगा दीपेश कचेरीत नोकरीला होता. बायकोला, मितालीला घेऊन तो खारघरच्या फ्लॅटवर राहायला गेला आणि पनवेलजवळच्या गावातल्या घरात भामा एकटी उरली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दारात शेवगा, मागे विहीर, विहिरीजवळ कपडे धुवायचा दगड, आणि तिचा गळा. भामा धवलारीण. गावात कुणाच्या घरी हळद असली की धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला पहिलं आमंत्रण तिला.

गेल्या वर्षी शेजारच्या कमलाकरच्या घरी चोरी झाली. त्या आठवड्यातच दीपेश चार कॅमेरे घेऊन आला. दोन पुढे, एक कमलाकरच्या भिंतीकडे तोंड करून आणि एक मागच्या दारी, विहिरीकडे. पांढरा गोल डबा, मध्ये काळी काच, काचेखाली लुकलुकणारा लाल दिवा.

"आई, आता तू मला मोबाइलवर चोवीस तास दिसणार," दीपेश म्हणाला. "उरणला ऑफिसात असलो तरी. काही झालं तर मी लगेच निघेन. टेन्शन नाही."

भामाने पदर सावरला आणि काचेकडे बघून विचारलं, "आता दिसतंय का मी?"

"एकदम क्लिअर!"

त्या दिवसापासून तिच्या घरात जणू माणूस आलं. सकाळी पाणी काढताना ती मागच्या दारच्या कॅमेऱ्याला सांगायची, बाला, उठलास का. बाजारातून मांदेली आणली तर टोपली तिरकी करून दाखवायची. खोकला आला की तोंड फिरवायची, लेकाला घोर नको. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला डोळे भरून आले तशी ती आत पळाली, लेकाने बघायला नको म्हणून. उन्हाळ्यातही अंगावरचा पदर तिने कधी सैल केला नाही, न जाणो सूनही बघत असेल. आणि कपडे वाळत घालताना ती त्या काचेसाठी नवी नवी कडवी रचायची:

खाडीच्या पान्याला भरती गो आयली,
लेकाची वाट मी बांधावं पायली.

संध्याकाळी दीपेशचा फोन यायचा. "ऐकलं का रं मी बोलली ते?" "ऐकलं ना आई. छान गात होतीस." पूर्वी तो दर रविवारी यायचा. आता म्हणायचा, "रोज दिसतेस की, मग यायचं कशाला?" दोन-चार महिन्यांनी आला की स्टुलावर चढून चारही डबे पुसायचा, उघडझाप करायचा. "सर्व्हिसिंग लागतं," म्हणायचा.

आणि मग त्या दुपारी विहिरीजवळच्या शेवाळावर भामाचा पाय सटकला. दगडावर घोटा आपटला तो आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. उठायला गेली तर डोळ्यांपुढे काळोख. कमलाकरच्या घरचे सगळे आपटा गावी सोयऱ्यांकडे गेलेले. फोन घरात राहिलेला, हाक मारावी असं जवळ कुणी नव्हतं. पण समोर भिंतीवर लाल दिवा लुकलुकत होता. भामाने हात वर केला. कॅमेऱ्याकडे बघून ती बोलत राहिली, पुन्हा पुन्हा, घसा सुकेपर्यंत. काय बोलली ते तिने नंतर बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. ऊन अंगावरून सरकत भिंतीवर चढलं. तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा आंबूस वास हवेत भरला. उरणहून गाडीने फार तर तास लागतो. कुणी आलं नाही.

दिवे लागायच्या वेळी ललिता आली. ती वीटभट्टीवर कामाला जाणारी कातकरी बाई, जाता-येता भामाकडे टेकायची. तिने आरडाओरडा करून रिक्षावाला बोलावला, पनवेलला नेलं, हाडाला तडा गेलेला निघाला, प्लास्टर झालं. घरी येऊन भामा खाटेवर टेकते न टेकते तोच फोन वाजला.

"काय आई, आज जेवलीस की नाही? दुपारी बघितलं मी तुला. किती वेळ कपडे धुत होतीस! जरा आराम करत जा गं."

भामाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू बघितलंस?"

"मग! माझं लक्ष असतं."

तिने फोन उपडा ठेवला. ललिताने पाण्याचा तांब्या पुढे केला तो तिने हाताने उडवला. तांब्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला.

"बघत बसला!" भामा ओरडली. "आय चिखलात पडलीय नि हा बघत बसला! वर मला सांगतो, आराम कर! ललिते, शेंगा काढायची आकडी आन. काढ तो कॅमेरा. माझं तोंडसुदिक दिसायला नको त्याला!"

"काकी, रातचं कुठं? सकाली काढते की."

"आता काढ!"

ललिताने आकडी लावून ओढलं. डबा एका झटक्यात हातात आला. तिने तो उलटासुलटा केला. मागची वायर वीतभर येऊन संपली होती, टोक पत्र्याखाली खुपसलेलं. झाकण बोटानेच निघालं. आत घड्याळात घालतात तसे दोन सेल आणि तो लाल दिवा. बाकी पोकळ.

"काकी," ललिता हळूच म्हणाली, "यात तं कायच नाय."

भामाने डबा हातात घेतला. वजन नव्हतंच त्याला. रिकाम्या करवंटीएवढाही नव्हता तो जड. मघाचा राग क्षणभर कुठे टेकावा ते न कळून थांबला. म्हणजे पोराने बघून डोळेझाक केली नव्हती. त्याने बघितलंच नव्हतं. कधीच नव्हतं. आणि मग राग परत आला, पण आता त्याची जात निराळी होती. तो भडकत नव्हता, भट्टीतल्या विटेसारखा आतून लाल होत चालला होता. मांदेलीची टोपली कुणाला दाखवली? भर उन्हात पदर कुणापुढे सांभाळला? रोज संध्याकाळी "ऐकलं ना आई" म्हणताना जीभ कशी अडखळली नाही याची? चोराला फसवायचं तर शंभरदा फसव. माझा बापही फसवायचा. पण मी चोर होते का रे?

"फेकून देऊ?" ललिताने विचारलं.

"नाय. लाव परत."

"परत? कशाला वो?"

"कमलाकरची भिंत त्याच्याच भरवशावर हाय. त्याची तरनी पोर घरात एकटी असते. एक डबा खोटा निघाला की चारी खोटे निघाले. गावात बोललीस तर माझ्याशी गाठ हाय."

"नि तुमच्या लेकाला?"

"त्याला त्याच्या तोंडानं सांगू दे."

ती वाट बघत राहिली. कमलाकर परतला, त्याने पाय बघितला, दीपेशला फोन लावू लागला तर तिने अडवलं, "त्याला ठाव हाय." रोज संध्याकाळी दीपेशचा फोन यायचा आणि भामा त्याच्यापुढे दोर सोडायची. बघू, किती लांब जातो.

"काल कुठली साडी नेसली होती रं मी?"

"ती नाही का, हिरवी."

"आज कोन आलं होतं घरी?"

"कुणीच नाही. बघत होतो ना मी."

त्या वेळी ललिता पायाशी बसून तिच्यासाठी पेज निववत होती. तिने तोंडात पदर कोंबला. हसू आवरेना तिला. भामाला मात्र हसू आलं नाही. खोटं बोलायला तो एकदाही थांबत नव्हता, आवंढा गिळत नव्हता, याचाच तिला संताप होत होता. अंगणात गाणं तिने बंद केलं. कॅमेऱ्याखालून जायची वेळ आली की काठी मुद्दाम आपटत जायची.

मग परेशच्या, तिच्या पुतण्याच्या, मुलीची हळद आली. अंकिताची हळद आणि भामाचे धवळे नाहीत असं कसं होईल? तिला न्यायला दीपेश आणि मिताली गाडी घेऊन आले. अंगणात कमलाकर उभा होता. भामा काठी टेकत ओट्यावर आली.

"आई!" मिताली धावली. "हे काय? प्लास्टर? कधी झालं हे?" आणि तिने वळून नवऱ्याकडे बघितलं.

दीपेशचा चेहरा पडला. एक क्षण. भामा त्या क्षणाकडे टक लावून बघत होती. आता सांगेल. आता तरी सांगेल.

तेवढ्यात कमलाकर म्हणाला, "तुला काय सांगायचं दीपेश, तू तं बघितलंच असशील. आमी गावाला होतो बाबा. पन तुझे कॅमेरे हायत म्हनून आमी निवांत असतो."

"हो, हो," दीपेश घाईने म्हणाला. "बघितलं ना. घसरली जरा, पण लगेच उठली होती, म्हणून मग मी... फोन केलेला मी तेव्हाच. हो ना आई?"

भामा कमलाकरकडे बघून म्हणाली, "केला होता." मग लेकाकडे न बघता म्हणाली, "आत ये. माझी पिशवी घ्यायचीय."

आत आल्यावर तिने पुढचं दार लावून घेतलं. मिताली मागोमाग आत आलेली, तिलाही थांबू दिलं. दीपेश पिशवी शोधू लागला.

"पिशवी नाय कुठं. उभा ऱ्हा."

"आई, उशीर होतोय गं, हळदीला..."

"हळद थांबंल. मी गेल्याबिगर धवला कोन म्हननार हाय?" तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दोन सेल हायत त्यात. मी हातात घेऊन बघितलाय."

मितालीने डोळे मिटले. "मी म्हटलं होतं तुला," ती नवऱ्याला म्हणाली. "आईंना तरी सांग म्हटलं होतं."

"आई, ऐक ना. खरे घेणारच होतो मी. चोर घाबरावेत एवढ्यासाठी. आणि तू इतकी खूश होतीस, रोज बोलायचीस, मला वाटलं..."

"काय वाटलं? म्हातारीला भिंत पुरंल?"

दीपेशने मितालीकडे बघितलं.

"बाहेर कमलाकरपुढं मी तुझं खोटं राखलं. त्याच्या पोरीसाठी राखलं, तुझ्यासाठी नाय. पन आता ऐक. लगेच उठली नाय मी. जेवन झालं तवा पडली, दिवे लागले तवा ललितानं उचलली. नि एवढा वेल त्या लाल दिव्याकडं बघून मी काय बोलत होती, म्हाईत हाय?"

"आई, नको..."

"एकच बोलत होती. म्हटलं, माझा पोर बघतोय, घाबरला असंल, निघाला असंल. म्हटलं, घाबरू नको बाला. मी बरी हाय. गाडी सावकास चालव."