होमाविना लागलेले लग्न

बारामतीच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात महिपतराव दिसताच निरवांगीच्या भागुबाईंचा तोल सुटला.

"या पाव्हणं! सांगवीवरनं यष्टीनंच आलात जणू? मला वाटलं, साक्षीसाठी लेकानं इमान धाडलं आसंल!"

व्याही सरळ आत गेले. त्यांचा मुलगा रविंद्र इंजिनियर होऊन, लग्न करून एकटाच इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. चार वर्षांनी, १९९४ साली, त्याने तिथल्या न्यायालयात सांगितले, की भागुबाईंच्या लेकीशी, ज्योत्स्नाशी, आपले लग्न झालेच नव्हते. होम नव्हता, सप्तपदी नव्हती. ज्योत्स्नाच्या हाती नोटीस पडली तेव्हा सुनावणीची तारीख उलटून गेली होती. तिकडच्या न्यायाधीशाने तिचे एक अक्षर न ऐकता ती कधी कुणाची बायकोच नव्हती, असा निकाल दिला. तो निकाल अमान्य ठरवावा, म्हणून इंदापूरच्या शाळेत शिकवणाऱ्या ज्योत्स्नाने बारामतीत दावा लावला.

भागुबाईंच्या अंगाचा तिळपापड होत होता. गावासमोर, बुद्धमूर्तीपुढे लेकीने पांढऱ्या साडीत पंचशील म्हटले होते. रविंद्रनेही म्हटले होते. मग लेक त्या घरात नांदली, ती कोण म्हणून?

रविंद्रच्या वकिलांनी त्याच्या वडिलांनाच साक्षीला उभे केले.

"महिपतराव, लग्नात होम पेटला होता?"

"न्हाय."

"सप्तपदी?"

"ती बी न्हाय."

वकील समाधानाने खाली बसले. ज्योत्स्नाचे वकील उठले. "होम का नव्हता?"

"मीच पेटू दिला न्हाय. छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासनं आमच्या भावकीत एकबी लगीन आगीपुढं लागलं न्हाय. माझं बी असंच लागलं, सत्तावन साली." म्हातारा मुलाच्या वकिलांकडे वळला. "ते लगीन न्हवं म्हनता, तर साहेब, त्याला इचारा, माझं नाव कशापायी लावतो? आन् आपल्या आईला काय म्हनतो?"

वकिलांनी कागद आवरले.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. जिला बाजू मांडू दिली नाही, तिला परदेशातला निकाल बांधत नाही; आणि समाजाच्या रीतीने लागलेले लग्न हे लग्नच.

"तवा बोलले ते इसरा, पाव्हणं," बाहेर येऊन भागुबाई म्हणाल्या.

"इसरू कशाला, विहीणबाई? लेक माझाच हाय."

"आता जावयाला हितं यावंच लागंल!"

"कशाला यायचं त्यानं?" ज्योत्स्ना म्हणाली. "आई, मी घटस्फोटाचा अर्ज देतेय. हितंच, बारामतीत."

"आगं, आत्ताच तर लगीन खरं ठरलं!"

"व्हय. म्हणून तर आता मला मोडता येतंय."

भागुबाई पदर खोचून वकिलांकडे वळल्या.

"वकीलसाहेब, ह्या खेपेला साक्षीला माझं नाव घाला. मला लई बोलायचं हाय."