फाटकाची कडी

पोहण्याचा तलाव कागदावर काढायला पट्टीताईला एक दुपार पुरली होती. लांबट चौकोन, एका टोकाला पाण्यात उतरत जाणारा रॅम्प, त्याच्या दोन्ही बाजूंना कठडे, मागच्या भिंतीला पंपाची खोली आणि शेजारच्या हद्दीपासून नियमाप्रमाणे सोडलेली जागा. तलाव किती खोल ते लिहून झालं, पाणी कुठून येणार नि कुठे सोडणार त्याचे बाण काढून झाले. एवढं सगळं पहिल्या फटक्यात मंजूर व्हायला हरकत नव्हती. घोडं पेंड खायला लागलं ते फाटकाच्या कडीपाशी.

पट्टीताई हे तिचं नाव जुन्या ऑफिसातलं. ही बया डब्यातसुद्धा चमच्याऐवजी पट्टी आणते, अशी तिथे चेष्टा चालायची. आता ती स्वतंत्र काम करायची. घरांचे नकाशे काढायचे, अर्ज भरायचे, परवानगी मिळेपर्यंत कचेरीत खेटे घालायचे. नीट मोजमाप घेतलं तर जगातली निम्मी भांडणं होणारच नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. या कामाने त्या मताची पार वाट लावली.

तलाव बाईंसाठी होता. बाई म्हणजे पोहण्याच्या जुन्या शिक्षिका. निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललं होतं आणि रडणाऱ्या आयांना काठावरून हाकललं होतं. पुढे दुखण्यात पाय गेले आणि चाकांची खुर्ची आली. घरात त्या आणि त्यांचा एकुलता मुलगा. चाळिशी उलटली तरी त्याला सगळे चिरंजीवच म्हणत. तलावाची कल्पना त्याचीच. आईने पुन्हा पाण्यात उतरावं म्हणून हा मुलगा अख्खं अंगण खणायला निघालाय, याचं पट्टीताईला मनापासून कौतुक वाटलं होतं.

नियम असा होता की तलावाला कुंपण हवं, फाटक आपोआप मिटणारं हवं आणि त्याची कडी लहान मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर हवी. नियमात वावगं काहीच नव्हतं. पण बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कडी माझ्या हाताशी ठेव गं. मला माझी मी आत जायचंय, कुणाला हाक न मारता." पट्टीताईने खुर्चीतल्या माणसाच्या बेताने कडी काढली. फाईल परत आली. कडी खाली आहे, असा शेरा होता.

ती तडक छाननीच्या खिडकीवर गेली. "त्या घरात लहान मूल नाहीये हो," तिने कारकुनाला सांगितलं.

"आज नाही," कारकून म्हणाला.

"घरातल्या मुलाचं लग्नसुद्धा झालेलं नाही."

"मग तर काय, होऊ शकतं," असं म्हणून त्याने पुढच्याला बोलावलं.

तिने कडी वर नेली. बाईंनी नकाशा मांडीवर पसरला, चष्मा वर-खाली केला आणि शांतपणे विचारलं, "हा तलाव कुणाचा म्हणालीस?" पट्टीताई वरमली. तिने कडी थोडी खाली घेतली, म्हणजे अशा जागी की बाईंचा हात पोचत नव्हता आणि नियमही पाळला जात नव्हता. फाईल दुसऱ्यांदा परत आली.

त्याच संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "ताई, कडी वरच ठेवा. नियमापेक्षा आणखी वर गेली तरी चालेल."

"अहो, पण बाई तर..."

"मी सांगितलं असं आईला कळू देऊ नका."

आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली, तर हाच माणूस आईच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणतो, "ताई, आईला हवं तसंच करा हं. काढा काहीतरी मार्ग." पट्टीताई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. काल फोनवर दुसराच कुणी होता की काय, असं तिला क्षणभर वाटून गेलं. तिने रिमोटवर उघडणारं कुलूप सुचवलं. चिरंजीव म्हणाले, "वीज गेली तर?" बाई म्हणाल्या, "रिमोट कुणाच्या खिशात राहणार ते मला ठाऊक आहे." तिने फाटकाशी घंटा सुचवली. "घंटा म्हणजे हाकच की," बाई म्हणाल्या.

पट्टीताईचं डोकं भणभणलं. एकाच फाटकाच्या चित्रावर ती इतकी खोडाखोड करत होती की कागद पातळ होऊन टेबल दिसायला लागलं. तलाव सगळ्यांनाच हवा होता. मग अडत होतं कुठे? बाई हट्टी आहेत म्हणावं, तर त्यांचं मागणं केवढंसं! आणि मुलगा लबाड म्हणावा, तर अंगणातली स्वतःच्या हाताने लावलेली झाडं त्याने हसत हसत काढून दिली होती. तिचं आपलं तळ्यात की मळ्यात चाललं होतं.

शेवटी तिने तिला येणारी एकच गोष्ट केली. मोजायला गेली.

"बाई, हात वर करा. जेवढा जाईल तेवढा." व्हरांड्याच्या भिंतीशी खुर्ची लावून तिने बाईंच्या बोटांपाशी पेन्सिलने खूण केली. मग पट्टी धरून नियमाच्या उंचीवर दुसरी खूण केली. दोन्हींमध्ये चार बोटांचं अंतर होतं.

"एवढ्याचसाठी?" बाई म्हणाल्या.

चिरंजीव भलतीकडेच बघत होते. ते बघून पट्टीताईचा ताबा सुटला. "हे बघा, फाटक एक आहे आणि कडीही एकच आहे. तुम्ही फोनवर एक सांगता, इथे दुसरं सांगता. मी ऐकू तरी कुणाचं?"

बाईंनी मान वळवली. "फोनवर काय सांगतोस रे?"

तो भिंतीवरच्या खुणांकडे वळला. "कडी वरच हवी मला," तो म्हणाला. "न्हाणीघरात पडलीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो, आई. शेजारच्या! तरी मला कळलं नाही. आणि हे तर पाणी आहे. तू पोहावंस, पण मी असताना. मी नसताना नको."

पट्टीताईला वाटलं, बरोबर आहे याचं. अगदी बरोबर आहे. आपण उगाच तोंड उघडलं.

"न्हाणीघरात फरशी होती," बाई म्हणाल्या. "फरशीवर पडतो माणूस. पाण्यात पडायला जागा कुठे असते?" मग त्याच्याकडे वळून, "तुला शिकवलं तेव्हा मी कुठे होते?"

"काठावर."

"हात धरला होता तुझा?"

"नाही. मी बोंबलत होतो."

"मला काय वाटत होतं तेव्हा?"

याचा विचार त्याने जन्मात केला नसावा.

"पायाच्या बोटांनी काठ आवळून उभी होते," बाई म्हणाल्या. "एकदा जरी उडी मारली असती ना, तर तू जन्मभर माझीच वाट बघत राहिला असतास."

आता पट्टीताईला बाईंचंही बरोबर वाटायला लागलं. दोन बरोबर उत्तरं असलेलं गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं. चिरंजीव उठून आत निघून गेले. गेलं काम हातातून, असं मनात म्हणत ती पट्टी पिशवीत घालू लागली.

तो बाहेर आला तो सोफ्याची जाड उशी घेऊन. सवयीच्या हाताने त्याने आईला उचललं, खाली उशी सरकवली, तिला नीट बसवलं. "हात वर कर."

बाईंचं बोट दुसऱ्या खुणेच्या वर गेलं. त्यांनी ते तिथेच जरा वेळ टेकवून ठेवलं.

"कडी नियमाप्रमाणेच दाखवा, ताई," तो म्हणाला. "उशी आईच्या खुर्चीतच राहील. आणि एक बाक काढा माझ्यासाठी. मी घरी असलो तर बसेन. कुंपणाच्या बाहेर, पण अगदी लागून."

तिने बाक काढला. अख्ख्या नकाशावरचा सगळ्यात लहान चौकोन. फाईल तिसऱ्यांदा परत आली. कडीबद्दल चकार शब्द नव्हता. बाक कुंपणाला लागून आहे, त्यावर चढून मूल आत जाऊ शकतं, बाक लांब न्या, असं म्हटलं होतं.

कसं सांगावं ते कळेना, म्हणून पट्टीताई स्वतःच गेली. कुंपण येणार होतं तिथे ती अंगणात उभी राहिली आणि चिरंजीवांना तिने समोर उभं केलं. बाई व्हरांड्यातून, उशीवर बसून, बघत होत्या.

"मागे व्हा," पट्टीताई म्हणाली. तो एक पाऊल मागे गेला.

"एवढं पुरे?"

"आणखी."

"इथून आई दिसायला तर हवी ना, ताई!"

"दिसतील. आणखी थोडं."

त्याने आईकडे पाहिलं. "आणखी," व्हरांड्यातून बाई म्हणाल्या.

तो आणखी एक पाऊल मागे सरला आणि थांबला. चपलांमध्ये त्याच्या पायाची बोटं घट्ट आवळलेली पट्टीताईला दिसली. ती वाकली आणि त्याच्या पायांपुढे जमिनीवर तिने बाकाची खूण केली.