जामोदचे मैदान

गोजरबाईने एसटीच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागून कुणीतरी तिच्या पिशवीचा बंद धरला. वळून पाहिले तर उकंडराव, तिचा धाकटा दीर. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर नवा गमछा, आणि धाडच्या स्टँडवरची माणसे आपल्याकडे बघताहेत म्हणून कपाळावर आठी.

"वहिनी, खाली उतरा."

"काऊन?"

"काऊन काय? दादाले जाऊन अजून वरीस नाई झालं. अन् तुमी कबड्डी पाहाले जाऊन राह्यल्या?"

"मंग तुमी कुठी चालले?"

"मी घराच्या वतीनं चाललो. कपावर दादाचं नाव हाये. घरचं कोनी तरी पाह्यजे का नाई तिथी?"

गोजरबाईने बंद त्याच्या बोटांतून सोडवून घेतला. आवाज चढवला नाही.

"वरीस माह्या एकटीचंच हाये का भाऊजी? तुमचा तर सख्खा भाऊ होता."

उकंडरावाचा हात तसाच पुढे राहिला. कंडक्टरने घंटी दिली. ती आत जाऊन खिडकीशी बसली आणि बस हलेपर्यंत तिने बाहेर पाहिले नाही.

पंधरवड्यापूर्वी जामोदहून प्रसेनजितचा फोन आला होता. तिथल्या कबड्डी मंडळाचा तो कार्यकर्ता. स्पर्धेत माइकही त्याच्याच हातात असायचा. यंदाचा विजेत्यांचा कप मोतीराम काकांच्या नावाने द्यायचा ठरलाय, घरच्यांनी यावे, असे तो म्हणाला. फोन उकंडरावाने घेतला. 'वहिनीची तब्येत बरी नसते, मी येतो,' असे त्याने अंगणात उभ्या उभ्या सांगून टाकले. गोजरबाई तिथेच मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिच्या तब्येतीला काही झाले नव्हते.

रात्री जेवताना तिने मुलाला, शेखरला, एवढेच सांगितले की मी जामोदला जाणार. शेखर भाकरी संपवून उठला आणि भाजी तोडायला शुक्रवारी एक बाई जास्तीची लागेल म्हणून शेजारी सांगून आला. सुनेने, प्रतीक्षाने, पिशवीत स्वेटर घातला. घरात तेवढेच बोलणे झाले.

तिचा नवरा मोतीराम तरुणपणी स्वतः खेळायचा. चढाईला गेला की दोघांना बाद करूनच परतायचा, असे गावात अजून सांगतात. मग गुडघा गेला. खेळाडू म्हणून त्याला गाव ओळखत होते. बघणारा म्हणून त्याला तालुक्या-तालुक्यांत ओळखू लागले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी धाडच्या बाजारात वांगी खपली, टोपल्या रिकाम्या झाल्या, आणि तो गोजरबाईला म्हणाला, "चाल, घडीभर पाहू." बाजाराच्या मागे दोर बांधून सामने चालले होते. ती पुरुषांच्या गर्दीत अंग चोरून उभी राहिली. पण पहिली चढाई संपायच्या आत तिला उमगले की हा खेळ दंडाचा नाही, दमाचा आहे. ते तिने त्याला हळूच सांगितले. तो सामना सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

त्यानंतर तो एकटा कधी गेला नाही. बायकोला घेऊन मैदानावर जातो म्हणून पारावर हसायचे. मोतीराम म्हणायचा, "एकटा गेलो तर भांडू कोनासंग?"

आणि ते भांडायचे. मैदानांवरून भांडायचे. धाडचे मैदान काळ्या मातीचे. सकाळी दहिवराने निसरडे, दुपारी टणक, आणि बाजाराच्या दिवशी वाऱ्यावर मिरचीचा ठसका; खेळाडू दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणतोय आणि बघणारे खोकताहेत. देऊळगाव राजाचे मैदान मोतीरामच्या जिवाभावाचे. बालाजीच्या जत्रेचे लोक, जालन्याकडून आलेले हौशी, ट्रॅक्टरवर, भिंतीवर, झाडावर माणसे. तिथे पकड झाली की आवाज छातीत वाजायचा. मोतीराम म्हणायचा, मैदान म्हणजे आवाज. गोजरबाईला तो गोंगाट सोसायचा नाही. तिला जामोद आवडायचे. मागे सातपुड्याची निळी ओळ, चाळून पसरलेली भुरी माती, आणि डोंगराकडच्या गावांतून आलेली माणसे, जी गुडघे पोटाशी घेऊन गप्प बसायची. चढाई चांगली झाली तर आपली-परकी न बघता टाळी वाजवायची.

"त्याईले खेळ दिसते," ती म्हणायची. "तुमच्या देऊळगावले फक्त आपला गडी दिसते."

"मंग आपला गडी नाई पाह्याचा तं कोनाचा पाह्याचा?"

असे बुलढाणा येईपर्यंत चालायचे. आताही बस बुलढाण्याकडेच चालली होती आणि शेजारची बाई झोपली होती. गोजरबाईने दोनदा तोंड उघडले आणि मिटले.

जामोदला पोचली तेव्हा ऊन माथ्यावरून ढळले होते. उपांत्य सामने संपून अंतिम सामन्यासाठी माती ओढून सारखी करणे चालले होते. पिशवी काखेत घेऊन ती दोराच्या कोपऱ्याशी गेली. त्या कोपऱ्यातून मध्यरेषा सरळ डोळ्यांच्या ओळीत येते. ती आणि मोतीराम कायम तिथेच बसत. तिथली दोन माणसे सरकली. एकाने तिला ओळखले असावे, कारण त्याने आधी तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले आणि मग हात जोडले. चार बायका पलीकडून बघत राहिल्या. बघू दे. तिने मातीवर मांडी घातली.

समोर व्यासपीठ होते. लांबलचक टेबल, त्यावर निळे कापड, फुलदाण्या, पाण्याच्या बाटल्या. एका टोकाला मोतीरामचा हार घातलेला फोटो. त्याच्याशेजारी उकंडराव, गळ्यात शाल. त्याने तिला पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली.

प्रसेनजितनेही पाहिले. तो माइक ठेवून धावतच खाली आला, तिच्या पाया पडला.

"काकू, तुम्ही आल्या? उकंडराव काका तर म्हणाले तुमाले बरं नाही."

"आता बरं हाये."

"वर चला ना. तुमच्यासाठी खुर्ची टाकतो. काकांच्या फोटोजवळच."

गोजरबाईने व्यासपीठाकडे नीट पाहिले. निळ्या कापडाची झालर खेळणाऱ्यांच्या कमरेच्या उंचीला येत होती; मागे बसणाऱ्याला खालची माती दिसणार नव्हती.

"नको बापा. वर बसनारे पाहाले नाई येत, दिसाले येतात. मी पाहाले आली."

"पण काकू, तुमच्या हातानं कप..."

"कप भाऊजी देतीन. त्याईची हौस हाये. मले इथून मध्यरेषा दिसते."

प्रसेनजित हसला, पण ती हसली नाही. परत वर जाऊन त्याने माइकवर सांगितले की मोतीराम काकांच्या पत्नी गोजरबाई आज स्वतः आपल्यात बसल्या आहेत. टाळ्या झाल्या. माना वळल्या. आणि टाळ्या थांबायच्या आत उकंडराव शाल सावरत खाली उतरला.

तो तिच्यासमोर येऊन वाकला. हळू बोलला.

"वहिनी, साऱ्या गावासमोर असं मातीत बसून राह्यल्या तुमी. एक तं वर चला, मानानं बसा. नाई तं जीप आनली हाये, डायवर गोकुळ घरी सोडून देते तुमाले. पन इथी नका बसू."

"इथी काय झालं?"

"लोक पाहून राह्यले."

"लोक खेळ पाहाले आले, भाऊजी. तुमी आडवे येऊन राह्यले, म्हणून तुमच्याकडं पाहून राह्यले. सरका."

मागून कुणीतरी म्हणाले, "हाव ना, बसा ना काका खाली." उकंडराव लाल झाला. क्षणभर वाटले, तो काहीतरी मोठ्याने बोलेल. पण शिट्टी वाजली, संघ मैदानात उतरले, आणि तो वाट काढत वर निघून गेला.

सामना डोंगराकडच्या एका लहान गावाचा आणि खामगावच्या तयारीच्या पोरांचा. खामगावची पोरे एका रंगाच्या बनियनमध्ये, बुटांत. डोंगराकडची अनवाणी. गोजरबाईने सवयीने दोन्हीकडचे पाय पाहिले, खांदे पाहिले, आणि मनात हिशेब मांडला. हिशेब ऐकायला कुणी नव्हते. पहिल्या डावभर तिने ओठ घट्ट मिटून ठेवले. मैदानावर ओरडायचे काम मोतीरामचे असे; तिचे काम बघायचे.

शेवटची चढाई उरली तेव्हा डोंगराकडचे एका गुणाने मागे होते. एक काटकुळा पोरगा गेला. बोनसच्या लोभात न पडता कोपऱ्यावर वाकला, हात लावला, वळला, आणि तिघे त्याच्यावर पडले. पोरगा जमिनीला चिकटला, पण दम सोडला नाही. मातीत तोंड असून शब्द ऐकू येत होता. एक एक बोट करत त्याचा हात सरकला. मध्यरेषेवर टेकला. मग शिट्टी.

पंचाने बाद दिला. पंच उभा होता त्या बाजूने पोरांची पाठ दिसत होती.

"लागला," गोजरबाई म्हणाली.

कुणी ऐकले नाही. ती उठून उभी राहिली.

"हात लागला होता. शिट्टीच्या आधी लागला होता."

हा आवाज आपला आहे हे तिला उशिरा कळले. तो मैदान ओलांडून पलीकडच्या दोरापर्यंत गेला होता. मोतीराम गेल्यापासून चार महिने घरात तिचे बोलणे भिंतीला लागून चालत होते. आज ते मोकळ्या जागेत उभे होते. तिने तिसऱ्यांदा तेच सांगितले, तितक्याच जोराने. पंचाने तिच्याकडे पाहिले, मान हलवली, आणि निकाल कायम ठेवला. डोंगराकडची माणसे काही म्हणाली नाहीत. त्यांनी आधी त्या पोरासाठी टाळ्या वाजवल्या, मग खामगावसाठी. गोजरबाईने फक्त पोरासाठी वाजवल्या. मोतीराम असता तर म्हणाला असता, झाली ना शेवटी देऊळगावची.

कप उकंडरावाने दिला. फोटो काढले. काटकुळा पोरगा पाणी प्यायला दोराशी आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "मी पाह्यलं. लागला होता."

"मले म्हाइत हाये, काकू," तो म्हणाला, आणि तोंडातली माती थुंकून निघून गेला.

परतीच्या एसटीला वेळ होता. गोकुळने जीप तिच्यापुढे आणून उभी केली. मागचे दार उकंडरावाने आतून उघडले, पण 'बसा' म्हटले नाही. ती बसली. मोताळा मागे पडले. राजूर घाटाच्या चढाला गोकुळने गिअर बदलला, तेव्हा उकंडराव बाहेर बघत बोलला.

"दादानं मले कधी नेलं नाई."

गोजरबाईने त्याच्याकडे पाहिले. पन्नाशी पार केलेला माणूस, गळ्यात अजून ती शाल.

"एकदा म्हनलं होतं मी त्याले. शाळेत होतो. तुमचं लगन झालं त्याच साली. म्हने, पुढच्या खेपेले नेतो. मंग दर खेपेले तुमीच."

जीप वळणावर वळली. तिला वाईट वाटले, पण वाईट वाटले म्हणून मागे सरायचे हे तिच्याने झाले नाही.

"त्याईनं नाई नेलं," ती म्हणाली. "त्याचा राग माह्यावर काऊन काढून राह्यले?"

उकंडरावाने शाल काढली, घडी केली, मांडीवर ठेवली. घाट निम्मा चढून झाला.

"तो शेवटचा पोरगा," तो म्हणाला. "खरंच लागला होता का त्याचा हात?"

"तुमाले काय दिसलं?"

त्याने थोडा विचार केला.

"टेबलाचं कापड."

पुढे बसलेल्या गोकुळने खोकल्यासारखे केले. गोजरबाईला हसू आले. ते तिने पदराने झाकले नाही.