सूर्याच्या गालावरची तीट

विद्याधररावांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एकोणिसाव्या शतकाचा नाद लागला आणि तो घरातल्या सगळ्यांना भोवला.

दोष म्हणाल तर लेकीचा. अश्लेषा परदेशात, कासलबार नावाच्या पावसाळी गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. आईबाबांना तिनं आपल्याकडे राहायला आणलं, आणि बाबा दिवसभर खिडकीशी बसून पाऊस बघतात हे बघवेना म्हणून त्यांना लायब्ररीतल्या चित्रकलेच्या वर्गाला घातलं. सहा मंगळवार, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या चळवळी, शिकवायला ओर्लाबाई. शेवटी लायब्ररीच्या भिंतीवर प्रदर्शन. प्रदर्शन म्हटल्यावर विद्याधरराव ताठ बसले. बिचाऱ्यांनी मोजणी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले आणि प्रत्येकावर सही साहेबांची. आपल्या हातचं काहीतरी, खाली आपलं नाव, एकदा तरी भिंतीवर लागावं, एवढीच इच्छा उरली होती.

पण हा माणूस शिकेल ते अंगाला लावून घेणारा. रोमँटिसिझमच्या आठवड्यात निसर्गाच्या रौद्र रूपाला सामोरं जायचं म्हणून ते भर वादळात टेकाडावर जाऊन उभे राहिले. कानटोपी उडाली, सर्दी झाली आणि पद्मिनीबाईंनी चार दिवस नवऱ्याला काढा पाजला. पुढच्या मंगळवारी वास्तववाद आला. आहे तसं दाखवायचं, रंगरंगोटी करायची नाही. झालं, स्वारीनं जेवताना आमटी पाणचट झाल्याचं सांगून टाकलं. मग पद्मिनीबाईंनीही वास्तव दाखवलं. दोन दिवस ताटात नुसता भात.

तशाही त्या कौतुकाच्या बाबतीत हात आखडूनच. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कुठल्याही कामाला त्यांनी 'बरंय'च्या पुढे मार्क दिले नव्हते.

त्यानंतर इम्प्रेशनिझम आला आणि विद्याधरराव हरखूनच गेले. उघड्यावर बसायचं, उजेड पळून जायच्या आत रंगवायचं. ओर्लाबाईंची एकच सक्त ताकीद होती, काळा रंग वर्ज्य. सावलीसुद्धा जांभळी. काळ्याचं नाव काढलं तरी बाईंच्या कपाळाला आठी पडायची. विद्याधरराव तीन आठवडे गावातल्या तळ्याकाठी छत्रीखाली बसले, तेव्हा कुठे एका गुरुवारी सूर्य दिसला, तोही अकरा मिनिटं. पण तेवढ्यात त्यांनी तो असा काही पकडला की ज्याचं नाव ते. तळंभर केशरी उजेड आणि वर गुबगुबीत, टवटवीत सूर्य. अश्लेषा म्हणाली, ग्रँड झालंय बाबा, एकदम ग्रँड. पद्मिनीबाई बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि कुकर लावायला गेल्या.

शनिवारी सकाळी लायब्ररीत चित्रावरचा कागद सोडला, तर सूर्याच्या गालावर टिकलीएवढा काळाकुट्ट ठिपका. ओर्लाबाईंचा चेहरा पडला. विद्याधररावांनी बोट लावलं, वास घेतला. काजळ! घरच्या तुपाचं, पद्मिनीबाईंच्या चांदीच्या डबीतलं. इतक्या लोकांची नजर पडणार म्हणून बाईनं चक्क चित्राला तीट लावली होती.

आधी भयंकर राग आला. आयुष्यात एकदा भिंत मिळत होती हो! ओर्लाबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी फडकं पुढे केलं, एवढा डाग पुसा की लगेच टांगू म्हणाल्या. विद्याधररावांनी फडकं सूर्यापर्यंत नेलं आणि त्यांचा हात थांबला. तीट कुणालाही लावत नाहीत. पद्मिनीबाईंनी ती आजवर फक्त तान्ह्या अश्लेषाला लावली होती, पोर देखणी होती म्हणून. एक्केचाळीस वर्षं जे ऐकायला आपले कान आसुसलेत ते हिनं काजळानं सांगितलं, हे लक्षात आलं आणि त्यांनी फडकं परत केलं.

"चित्र माझं आहे, ठिपका बायकोचा आहे," ते म्हणाले. "पुसणार नाही."

ओर्लाबाईंनी खूप समजावलं, शेवटी मान हलवली आणि त्या खिळ्याला कुणाच्या तरी जांभळ्या मेंढ्या टांगल्या. विद्याधरराव चित्र बगलेत मारून पावसातून चालत घरी आले.

परत का आणलंत, असं पद्मिनीबाईंनी दारातच विचारलं. वास्तववाद तर विद्याधररावांनी त्या नुसत्या भातापासूनच सोडला होता. भिंतीवर जागा पुरली नाही, असं त्यांनी सांगितलं.

पद्मिनीबाईंनी चित्र हातात घेतलं, सूर्याकडे निरखून पाहिलं आणि त्या चुकचुकल्या.

"लागलीच दृष्ट," त्या म्हणाल्या. "तरी मला वाटतच होतं, तीट लहान झाली."

आणि त्या काजळाची डबी आणायला आत गेल्या.