आबांचा मसाला, दुकानाचं पाकीट

मुलांनो, डोळे मिटा आणि जरा कल्पना करा. तुमच्या शाळेत आनंद मेळावा भरला आहे. मैदानावर मंडप आहे, प्रत्येक टेबलावर वेगळा पदार्थ आहे, तळणाचा वास सुटला आहे. तुमच्या टेबलापुढे चांगली रांग लागली आहे. आणि तुम्ही मात्र घाबरलेले आहात. कारण टेबलावर मांडलेली एक गोष्ट खोटी आहे, आणि ते फक्त तुम्हालाच माहीत आहे!

आता डोळे उघडा. सातवीतली भाविका त्या दिवशी सकाळपासून अशीच उभी होती.

भाविका असोद्याची. रोज बसने जळगावच्या शाळेत यायची. तिचे आजोबा, चुडामण आबा, गावात मिरची-मसाल्याचं कांडप चालवायचे. उन्हाळा लागला की गावातली मिरची पोत्यांनी त्यांच्याकडे यायची. भाविकाच्या कपड्यांना, दप्तराला, अगदी वह्यांच्या पानांनाही तो वास असायचा. वर्गातली मोनाली एकदा म्हणाली होती, "भाविका आली की मला शिंका येतात गं बाई!" सगळे हसले. भाविकाही हसली. पण त्या दिवसापासून तिने शाळेत कांडपाचं नाव काढलं नाही.

मेळाव्यासाठी या दोघींनी टॅको करायचे ठरवले. मक्याची कडक पोळी दुमडायची, आत राजम्याचं सारण भरायचं, वर चिरलेला कोबी आणि कांदा. पोळ्या मोनालीकडे, सारण भाविकाकडे. सारणाचा मसाला पाकिटात मिळतो. एक पाकीट आणून तिने घरी करून बघितलं, चांगलं झालं. पण शंभर प्लेटींना अशी दहा-बारा पाकिटं लागणार होती, आणि एकेक पाकीट ऐंशी रुपयांचं!

"दाखव तं मले," आबा म्हणाले. त्यांनी रिकामं पाकीट उलटसुलट बघितलं. "माग काय लिहिलंय? वाच."

भाविकाने वाचलं. मिरची, जिरं, धने, लसूण, कांदा, ओरेगॅनो, मीठ, साखर, मक्याचं पीठ.

"एवढंच? हे सारं तं आपल्या घरात आहे व! ते ओरे... काय ते?"

"ओरेगॅनो. पिझ्झ्यावर टाकतात तो वाळलेला पाला. थोडा ओव्यासारखा लागतो."

"मंग चिमूटभर ओवा टाकू. अन् पीठ कायले टाकलं त्यानं?"

"सारण दाट व्हायला."

"त्याले पीठ कायले लागते? दोन मुठी दाण्याचा कूट टाकला की झालं!"

आमच्याकडच्या माणसाला रस्सा दाट करायचा म्हटलं की दाण्याच्या कुटाशिवाय दुसरं काही सुचत नाही. भाविकाने स्वतः शेंगदाणे भाजले, चोळून सालं पाखडली, कूट केला. आबांनी धने-जिरं मंद आचेवर भाजून घेतलं, कमी तिखटाची लाल मिरची निवडली, वाळवलेला कांदा-लसूण आणि तो कूट घातला. दुपारपर्यंत डबाभर मसाला तयार झाला. खर्च सगळा मिळून दोन पाकिटांच्या किमतीएवढा. आणि वास असा की शेजारची सुंदरबाई दारात येऊन विचारून गेली, "काय चाललंय आज?"

"डब्यावर कागद चिकटव," आबा म्हणाले. "घरचा मसाला, अन् त्यात काय काय आहे ते लिही. लोक विचारतात."

भाविका "हो" म्हणाली. मग तिला मोनाली आठवली. शिंका आठवल्या. उद्या आख्खी शाळा म्हणेल, कांडपवाली आली! तिने ते रिकामं पाकीट आतून पुसलं आणि चमच्याने आबांचा मसाला त्यात भरला. सारण घरूनच करून नेलं. पाकीट मात्र टेबलावर अगदी पुढे उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं. प्लेट देताना त्यातलाच चिमूटभर मसाला ती वरून भुरभुरवत होती.

"भारी मसाला आहे," मोनाली म्हणाली. "पाकिटाची चव वेगळीच असते, नाही?"

भाविका घाईने पुढची प्लेट भरू लागली.

तेवढ्यात रांगेतून त्यांच्याच वर्गातला तेजस पुढे आला. तेजसला शेंगदाणा चालत नसे. लहानपणी चिक्कीच्या एका तुकड्याने त्याचा श्वास कोंडला होता आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून तो मेळाव्यात कुठेच काही तोंडात घालत नसे. पोरं चिडवायची, "खानदेशात राहून दाणे खात नाही! तुला पाणी तरी चालतं का रे?" फक्त पाकिटातल्या वस्तू तो खायचा, तेही मागची बाजू वाचून.

त्याने टेबलावरचं पाकीट उचललं. बारीक अक्षरांवर बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली.

"यात दाणे नाहीत!" त्याचा चेहरा फुलला. "भाविका, मला दे एक. मेळाव्यात पहिल्यांदा काहीतरी खातोय मी!"

"तेजस..."

"काय?"

मोनाली शेजारीच उभी होती. भाविकाने प्लेट पुढे केली. "काही नाही. जरा तिखट आहे."

मुलांनो, ती एवढंच बोलली!

तेजसने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग तो खोकू लागला.

"ठसका लागला! पाणी द्या रे!" म्हणत वर्गशिक्षिका हेमांगी मॅडम धावत आल्या. "काय खाल्लंस, तेजस?"

"टॅकोच फक्त," मोनाली म्हणाली. "पाकीट वाचूनच खाल्लं त्याने."

मॅडमनीही पाकीट वाचलं. "यात दाणे नाहीत. मग तिखटच लागलं असेल. सावकाश पाणी पी बाळा."

तेजसच्या ओठाची कड सुजू लागली होती. मानेवर लाल चट्टे उठत होते. तो गळा चोळत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. कोणी पाण्याचा ग्लास पुढे करत होतं, कोणी गुळाचा खडा. हा ठसका नाही, हे त्या गर्दीत एकट्या भाविकाला माहीत होतं. सांगितलं तर? सगळे थुंकतील आपल्यावर. शाळेतून काढतील. पोलीस येतील! आणि नाही सांगितलं तर?

तेजसने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. काय होतंय हे त्याला कळतच नव्हतं. तो नुसता घाबरला होता.

"मॅडम, दाणे आहेत!" भाविका किंचाळली. "मसाला घरचा आहे! पाकिटात मी भरलाय! त्यात कूट आहे!"

कोणीही हसलं नाही. मॅडम कार्यालयाकडे धावत सुटल्या. तेजसच्या आईने जूनमध्येच तिथे अशा वेळेसाठीचं इंजेक्शन ठेवून ते कसं द्यायचं हे त्यांना शिकवलं होतं. त्यांनी ते त्याच्या मांडीत दिलं, एका पालकाने गाडी काढली, आणि गाडी दवाखान्याकडे गेली.

संध्याकाळी आबा दवाखान्यात आले तेव्हा भाविका शाळेतून थेट तिथेच येऊन बाकावर अंग चोरून बसली होती. तेजसचा धोका टळला आहे, पण आज त्याला इथेच ठेवणार, असं सिस्टर नुकत्याच सांगून गेल्या होत्या.

"आबा, आपण पाकिटंच आणायला हवी होती," ती हुंदका देत म्हणाली.

"मसाल्यानं काय केलं पोरी?" आबा तिच्याजवळ बसले. "त्या पोरानं वाचून खाल्लं. त्याचं काही चुकलं का?"

"नाही."

"दुकानदारानं असं वरून एक अन् आतून एक विकलं असतं तं आपण त्याले काय म्हटलं असतं?"

भाविकाने मान खाली घातली. "लबाड."

"अन् चुकलं तं माझंबी. शंभर लोक खाणार, अन् मी कूट टाकताना विचारलं नही, कोणाले चालत नसला तं? आपल्याले चालते म्हणजे साऱ्याले चालते, असं धरून बसलो. पण लाज कायले वाटली व तुले? त्याच मसाल्यावर तुझा बाप शिकला."

"सगळे हसतील म्हणून."

"हसले असते. दोन दिवस हसून थकले असते. हसण्यानं कोणी मरत नही, बाई."

हे वाचणाऱ्या मोठ्यांनाही मला हेच सांगायचं आहे. घरी केलेली वस्तू स्वस्त असते म्हणून ती हलकी ठरत नाही. छापील पाकिटाचा मोठेपणा उसना घेऊन तिला लपवू नका! आणि आपल्या हातचं दुसऱ्याच्या ताटात वाढताना त्यात काय काय आहे, हे न विचारताच सांगा. खाणारा आपल्यावर विश्वास टाकून घास घेत असतो.

इतक्यात समोरचं दार उघडलं आणि तेजसची आई बाहेर आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. भाविकाला बाकाखाली लपावंसं वाटलं.

"मी येऊ संग?" आबांनी हळूच विचारलं.

भाविकाने नकारार्थी मान हलवली. ती उठली आणि एकटीच तिच्याकडे चालत गेली. "काकू," ती म्हणाली. "तेजसचं काही चुकलं नाही. घरच्या मसाल्याची मला लाज वाटली, म्हणून मी तो दुकानाच्या पाकिटात भरला. तो वाचत होता तेव्हाही मी गप्प राहिले."

तेजसची आई तिच्याकडे बघत राहिली. भाविकाला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण ती पळाली नाही. काकू जे काही म्हणतील ते ऐकून घ्यायला ती तिथेच, त्यांच्यासमोर, उभी राहिली.