वाळूतली रुसवी

"आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली आणि भरलेला पेला तिने वाळूवाल्यापुढे सरकवला.

"वहिनी, मी काय विष घालून आणलंय?"

"तुमचा काय नेम!"

वाळूवाल्याने हसून एक घोट घेतला. शेजारच्याच मळ्याचा हा मालक. जमीन सगळी वाळूची, म्हणून त्याचं नाव पडलं वाळूवाला. "तुझी वाइन जखमेवर चोळायला बरी," असं तिच्या नवऱ्याने त्याला एकदा चारचौघांत सुनावलं, आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. नवरा बोलत नाही म्हणून तीही बोलत नसे. नवरा वारला तेव्हासुद्धा हा फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. आणि आज बिनलेबलाची बाटली काखोटीला मारून दत्त म्हणून हजर!

उगाच कोण कशाला येतंय? तिचा उतारावरचा मळा रिकामा पडला होता, त्यावरच ह्याचा डोळा असणार. आधी पाजायचं, मग गोड बोलायचं, मग हळूच विषय काढायचा. तिने त्याआधीच पाचर मारून ठेवली.

"मळा विकायचा नाहीये."

"मी कुठे मागतोय?"

"मग कशाला आलात?"

"चव बघा म्हणायला. तुमच्यासारखी जीभ आहे कुणाची इथे?"

लावा मस्का! तिने दुसरा पेला भरून घेतला आणि उजेडात धरला. बारीक बुडबुडे तळातून एका रेषेत, सावकाश वर येत होते. बाहेरून गॅस भरला की ते नुसते धसमुसळे उसळतात. हे बाटलीतच आंबून आले होते. काम सबुरीचं होतं. तेवढं तिला मनातल्या मनात मान्य करावं लागलं, आणि त्याचाच तिला राग आला.

तिने घोट घेतला. आधी लख्ख आंबटपणा, मग फेस विरला, मग काहीच नाही. आणि गिळून झाल्यावर, अगदी उशिरा, कच्च्या बदामाच्या सालीचा कडवटपणा.

तिने घाईने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. शंकाच नको. ही रुसवी होती.

रुसवी म्हणजे तिच्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचं द्राक्ष. एक वर्ष फळणार, दोन वर्षं रुसणार. बाकीच्यांनी वैतागून कधीच उपटून टाकलं. राहिलं ते फक्त ह्यांच्या मळ्यात. नवरा त्या वेलांवर जीव टाकायचा. त्याच्या शेवटच्या दुखण्यात ती म्हणाली होती, "काळजी करू नका, रुसवीला मी सांभाळेन," आणि तो नुसता तिचा हात थोपटत राहिला होता. पुढच्या उन्हाळ्यात सगळे वेल उभ्या उभ्या वाळले. पाणी जास्त झालं की कमी, छाटणी चुकली की खत? रोज सकाळी उठून ती स्वतःला हेच विचारायची. त्याने मागे ठेवलेली एक गोष्ट, तीही आपल्या हातून मेली.

"चोर!" ती उठून उभीच राहिली. "आमच्या वेलांच्या काड्या चोरल्यात तुम्ही! आणि वेल फळायला किती वर्षं लागतात ते कळतं मला. म्हणजे हे जिवंत असतानाच आमच्या मळ्यात शिरत होतात!"

"शिरलो नाही, वहिनी. दर छाटणीला तोच निवडक काड्यांची मोळी बांधायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचा आणि कुंपणावरून माझ्याकडे फेकायचा. तोंडातून शब्द नाही. मीही उचलायचो आणि चालायला लागायचो."

"थापा मारू नका. हे काड्या जाळायचे."

"उरलेल्या जाळायचा."

"कुठून फेकायचे? सांगा ना, कुठून?"

"वरच्या बांधावरून. तुमच्या खिडकीतून तो कोपरा दिसत नाही."

वरच्या बांधाकडे नवरा तिला कधी येऊ देत नसे. तिथे काटे फार आहेत म्हणायचा.

"एकदाच बोलला," वाळूवाला मान खाली घालून म्हणाला. "म्हणाला, मुळांना कीड लागली आहे, माझा मळा काही वाचत नाही. ती कीड वाळूत जगत नाही, तुझ्याकडे लाव. आणि म्हणाला, घरात कळू देऊ नकोस, ती हाय खाईल."

"म्हणजे वेल माझ्यामुळे नाही गेले?"

"तुमच्यामुळे? तुमच्या हाती आले तेव्हा त्यांच्यात होतं काय!"

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि नवऱ्याचा असा संताप आला होता की तो समोर असता तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. त्याच्यासाठी म्हणून तिने इमानाने शेजाऱ्याशी अबोला धरला, आणि हा गृहस्थ परस्पर कुंपणावरून व्यवहार करून मोकळा!

"मला सांगायचं तरी होतं," ती म्हणाली. मग वाळूवाल्याकडे वळली. "आणि तुम्ही? इतके दिवस गप्प?"

"नुसतं सांगून तुम्ही विश्वास ठेवला असता?"

तिने पेल्यातला उरलेला घोट संपवला.

"पुढच्या आठवड्यात छाटणी आहे," तो जरा चाचरत म्हणाला. "माझ्या हातून नीट होत नाही. दर वेळी वेलाला घड कमीच लागतात."

"छाटताना फुटव्याचे डोळे किती ठेवता काडीवर?"

"चार-पाच."

"अरे देवा! रुसवीला दोनच ठेवायचे. जास्त ठेवले की रुसते. एवढं साधं सांगितलं नाही ह्यांनी तुम्हाला?"

"कसं सांगणार?" वाळूवाला म्हणाला. "बोलत कुठे होतो आम्ही?"

तिने पदराने डोळे पुसले आणि दोघांचेही पेले पुन्हा भरले.