काही न उगवल्याचा पगार

टोकावड्याला एस्टीतून उतरून ललिता पायवाटेला लागली तेव्हा उन्हं कलली होती. भावाच्या दारातला मांडव लांबूनच दिसत होता. वर उंबराच्या डहाळ्या, कडेला आंब्याची तोरणं, आणि त्याखाली बायकांची लगबग. उद्या भाच्याची, भावेशची हळद, परवा लग्न. माहेरच्या मांडवाकडे बघता बघता पाय आपोआप भरभर चालू लागतात, तशी ती चालत होती.

वाटेतच काळूराम, तिचा थोरला भाऊ, सामोरा आला.

"आलीस गो? बरा झाला. तुज्याकडं एक काम हाय."

"लग्नातलं?"

"लग्नातला नाय. मितालीचा."

मिताली म्हणजे काळूरामची धाकटी. यंदा बारावी सायन्स झाली होती. तिच्या कल्याणच्या मामानं नर्सिंगला जागा बघून ठेवली होती आणि पोरगी हटून बसली होती की आत्यासारखं मायक्रोबायोलॉजीच करणार.

"नर्स म्हटला का कुनालाबी कळतं," काळूराम म्हणाला. "सुई टोचते, पट्टी बांधते. तुजा शिक्षान मला अजून कुनाला सांगता येत नाय. कोन इचारतो, बहीण काय करते रे? मी सांगतो, मुरबाडला औषधाच्या कंपनीत हाय. पुढं काय इचारू नये म्हनून बिडी पेटवतो."

ललिता हसली. "मग मी काय करू, दादा?"

"तू सांग तिला, नको जाऊ म्हनून. तुजा ऐकंल. आन् तू जा म्हटलीस, तर मी आडवा येनार नाय. तुज्यावर टाकला. लग्न आटपला का मामाला कळवायचाय."

एवढं बोलून तो मांडवाकडे वळला. ललिताच्या हातातली पिशवी मात्र एकाएकी जड झाली. पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्यानं वाटेवर उभ्याउभ्या तिच्या हातात ठेवलं होतं, पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यावा तसं.

कंपनीच्या प्रयोगशाळेत ललिताचं काम साधंच होतं, पण सांगायला कठीण. काचेच्या चपट्या बशांमध्ये चायनाग्राससारखी खळ ओतायची, त्यावर औषधाचा थेंब सोडायचा, बशी उबेला ठेवायची. औषधात एखादा जंतू राहिला असला तर खळीवर ठिपका उगवतो. ठिपका उगवला की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. बशी कोरी राहिली की माल पुढे जातो.

नोकरी लागली त्या दिवसांत ती गावाहून जाऊनयेऊन करायची. संध्याकाळी घरी आली की बाप, कमळू, ओटीवर सुंभ वळत बसलेला असायचा. सगळा जन्म भात लावण्यात गेलेला माणूस. तो विचारायचा,

"काय गो, आज काय उगवला?"

"काय नाय उगवलं, बाबा."

"कायच नाय?"

"कायच नाय. चांगलं झालं."

मग कमळू सुंभ खाली ठेवून शेजारच्या गोमाला हाक मारायचा. "ऐकलास काय रे गोमा? आपला येक वाफा उगवला नाय तर आपन डोक्याला हात लावून बसतव. आन् हिला कायच न उगवल्याचा पगार भेटतो!" दोघं म्हातारे पोट धरून हसायचे. आतून आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हसा, हसा. ती शिकली म्हनून तुमाला हसाया तरी मिळतंय."

आता ना ती ओटी राहिली, ना ते हसणारे. ओटीच्या जागी काळूरामनं फरशी घातली. पण मुरबाडच्या प्रयोगशाळेत कोरी बशी उजेडाला धरताना ललिताला अजून कधीतरी वाटायचं, की घरी जाऊन कुणाला तरी हे सांगावं.

त्या संध्याकाळी मांडवात वड्यांचं पीठ भिजलं. हळदीच्या जेवणाला वडे हवेतच, आणि वडे हवेत तर पीठ रात्रभर आंबायलाच हवं. तानी काकू, गावात लग्नाचे धवळे म्हणणारी, परातीशी बसली. बायकांनी विहिरीचं पाणी कोमट करून ओतलं. पिठाच्या मधोमध खळगा करून त्यात कांदा ठेवला, कांद्यावर निखारा, निखाऱ्यावर तेलाची धार. चर्रर्र झालं तसं तानी काकूनं गळा मोकळा केला :

निज निज पिठा, निज उबेच्या पोटात
उद्या उठशील गो, नवऱ्या मुलाच्या ताटात

त्या सुरात ललिताला आपली आई दिसली. अशीच परातीशी बसलेली, कोपरापर्यंत पीठ, आणि गाण्याची शेवटची ओळ नेहमी हळू म्हणणारी, जणू पिठाला झोप लागत आली आहे.

सकाळी मात्र ओरडा झाला. "पीठ फुगला नाय गो! जसाच्या तसा हाय!"

ललिता धावली. पीठ परातीत थंडगार पडलं होतं, भिंतीला लावायच्या मातीसारखं. ना बुडबुडा, ना आंबूस वास.

"कुनाची नजर लागली," काळूरामची बायको रडवेली झाली.

"नजर कसली?" तानी काकू म्हणाली. "साठ लग्नांची पिठा मी निजवली, येक उठला नाय असा झाला नाय. निखारा इझला व्हता काय? कांदा जुना व्हता काय?"

मिताली खाली बसली. तिनं बोटानं पीठ उचललं, हुंगलं, मग बाजूच्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन तेही हुंगलं.

"आत्या, पाण्याला कसला वास येतोय बघ ना."

ललितानं हुंगलं. तिला काहीच वेगळं वाटलं नाही. मग उमगलं. तो वास तिचा रोजचा होता, प्रयोगशाळेतल्या फरशीचा, हातांचा, कपड्यांचा. म्हणून काल चहा पिताना तिला तो कळलाच नव्हता.

"दादा," तिनं हाक मारली, "विहिरीत ती जंतू मारायची टीसीएल पावडर किती घातलीस?"

काळूराम छाती पुढे काढून आला. "तूच सांगितला व्हतास ना फोनवर? लग्नाला मानसा येनार, जुलाब नको व्हायला, पावडर टाक म्हनून."

"हो, पण किती?"

"पंचायतीचा शाम म्हनाला येक डबा. मी म्हटला, माज्या पोराचा लगीन, हात कशाला आखडायचा? चार डबं वतलं."

मग तानी काकू अशी हसली की तिच्या नाकातली नथ हलायला लागली. "काळूरामा! पाहुन्याला वाढतात तसा विहिरीला आग्रह केलास व्हय रे? घे अजून येक, घे अजून येक!"

"मंग काल बोलला का नाय कोन?" काळूराम ओशाळला.

"ललितानं सांगितला म्हटल्यावर कोन बोलनार? आमी म्हटला, शिकलेल्या पान्याला असाच वास येत असंल!"

सगळ्या बायका खदखदल्या. ललिताही हसली. पण जन्मभर जी विद्या शिकली, तिनं माहेरच्या परातीतलं पीठ मारलं होतं.

"आता जंतू मेलेत ना सगळे?" मितालीनं विचारलं. "मग जिवंत पीठ आणून घालूया. हिरी मावशीकडे परवा साखरपुडा झाला, तिच्याकडे आंबट पीठ उरलं असेल. आणि पाणी बोअरिंगचं घेऊ. चालेल?"

"चालेल," ललिता म्हणाली. पोरीनं विचारलं होतं खरं, पण उत्तराला ती थांबली नव्हती. भावेशची स्कूटर काढून निघालीसुद्धा.

ती डबाभर पीठ घेऊन आली. नवीन पीठ भिजवलं, त्यात ते आंबट पीठ मिसळलं, परात गोणपाटानं झाकून पत्र्याखाली गरम सावलीत ठेवली. मे महिन्याची ऊब. दुपारपर्यंत काय ते कळणार होतं. मिताली तिथंच बसली, आणि ललिता तिच्याशेजारी.

"तुझ्या बापानं मला काय सांगितलंय माहितीये?"

"माहितीये. नको म्हणून सांग म्हणालेत."

"मग ऐक." ललितानं पाय लांब केले. "बी.एस्सी. होऊन तुला कुणी खुर्ची देणार नाही. बशा धुवायला ठेवतील. कंत्राटावर. दरसाल वाटेल, आता काढतात की ठेवतात. रात्रपाळी असेल. तुझ्यानंतर आलेला मुलगा साहेब होईल आणि तू त्याला काम शिकवशील. नोकऱ्या आहेत, नाही असं नाही. औषधाच्या कंपन्या, दूध डेअऱ्या, पाणी तपासायच्या प्रयोगशाळा, इस्पितळं. पण चांगल्या जागेला एम.एस्सी. लागते. नर्सला उद्या कुठंही काम मिळेल. हे खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही."

मिताली ऐकत होती. गुडघ्यावर हनुवटी, नजर गोणपाटावर.

"तू एम.एस्सी. का नाही केलीस?"

ललितानं मांडवाकडे बघितलं. "बी.एस्सी. झाल्यावर बाबांनी गावभर पेढे वाटले. आणि म्हणाले, आता पुरे. रागानं नाही म्हणाले. लाडानंच म्हणाले, जसं ताट भरल्यावर म्हणतात. मी पण पुरे म्हटलं."

मग तिला आठवलं, आणि ती कुणालाच न सांगितलेलं सांगू लागली. दुसऱ्या वर्षाला, भात कापल्यावरच्या रानात वाल फुटले होते तेव्हा, तिनं एक रोप उपटून पिशवीत घालून कॉलेजात नेलं. मुळांवर बारीक गाठी होत्या. बाईंनी एक गाठ चिरडून काचेवर ठेवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर आत गाव होतं, मिताली. चिमुकल्या काड्यांची जत्रा. हे जंतू हवेतलं खत वालाला देतात आणि वाल त्यांना घर देतो. संध्याकाळी येऊन बाबांना सांगितलं. ते कितीतरी वेळ बांधावर बसून राहिले. मग म्हणाले, 'म्हंजी आपन येकटं नाय पेरत.'

"त्या दिवशी," ललिता म्हणाली, "मला वाटलं, मी याच्याचसाठी जन्मले. आणि नंतर सबंध आयुष्य कोऱ्या बशा मोजल्या."

"आत्या, परत मिळालं तर दुसरं काय केलं असतंस?"

ललितानं नर्स, शिक्षिका, बँक, एकेक आठवून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी तिला स्वतःच्या जागी दुसरीच कुणी बाई बसलेली दिसली.

मितालीनं गोणपाट किंचित उचललं, कान परातीशी नेला आणि तशीच राहिली. मग डोळे मोठे करून तिनं आत्याला हातानं बोलावलं. दोघींची डोकी परातीवर टेकली. आत पीठ कुजबुजत होतं. बारीक बारीक, पावसाआधी खेकडे बिळातून सरकतात तसं.

"किती असतील गो आता?" मितालीनं पुटपुटून विचारलं. "रात्रीच्या पिठातले सगळेच मेले, का काही उरले असतील? उरले ते का उरले?"

ललितानं तिच्याकडे बघितलं. भूक लागलेलं माणूस ताटाकडे बघतं तसं पोरीचं तोंड झालं होतं. हा प्रश्न मुरबाडच्या प्रयोगशाळेत इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिथं मेले की नाही एवढंच विचारतात.

वडे झाले. चांगले झाले. पाहुण्यांनी मटणाच्या रश्श्यात बुडवून खाल्ले आणि तानी काकूनं काळूरामच्या चार डब्यांवर चार ओळी रचून सगळ्या मांडवाला ऐकवल्या. काळूराम नव्या पांढऱ्या शर्टात पाहुण्यांना पान देत लाजत हिंडत होता.

हळद लावायला बायका जमू लागल्या तेव्हा त्यानं ललिताला मांडवाच्या खांबाआड गाठलं.

"बोललीस पोरीशी?"

"बोलले. जेवढं वाईट आहे तेवढं सगळं सांगितलं."

"मंग? ऐकला?"

"ऐकलं. आणि तरीही जायचंय तिला. मी जा म्हणतेय, दादा."

काळूरामनं मान खाली घातली. दिलेला शब्द तो मोडणारा नव्हता, पण चेहरा उतरला.

"पण एक अट आहे," ललिता म्हणाली. "तिला नाही, तुला. पाच वर्षं. एम.एस्सी. होईपर्यंत. मध्ये कुणाचं स्थळ आलं, कुणी काही बोललं, तर पुरे म्हणायचं नाही. अर्ध्यावर काढायची असेल तर आत्ताच नर्सिंगला घाल. ते निदान पुरं तरी होईल."

"बाबांनी तुला काढली व्हती," काळूराम हळूच म्हणाला.

"बाबांनी नाही रे काढलं. कुणी सांगणारंच नव्हतं त्यांना, की अजून पुढं आहे म्हणून."

मांडवात धवळा सुरू झाला होता. भावेशला पाटावर बसवलं होतं. काळूराम लेकाकडे बघत होता, पण त्याचा विचार लेकीकडे चालला होता, हे ललिताला पान चघळताना थांबलेल्या त्याच्या जबड्यावरून कळलं.

"पाच वरसं," तो म्हणाला. "मला तिथलं काय कळनार नाय, ललू. कालेजात गेलो तर काय इचारू मी?"

"काही विचारू नको. नुसता तिच्याबरोबर ये. मास्तरांना दिसू दे, हिच्यामागं माणूस आहे."

"तू पन येशील?"

"येईन की."

तेवढ्यात बायकांनी आरडाओरडा केला, "नवऱ्याचा बाप कुठं गेला? हळद लावा त्याला!" चार-पाच जणी पिवळे हात घेऊन धावत आल्या. काळूरामनं दोन्ही हात वर केले.

"थांबा गो, थांबा!"

त्यानं घाईघाईनं शर्टाची बटणं काढली. शर्ट अंगातून उतरवला, नीट घडी घातली आणि मांडवात उभ्या असलेल्या बायकोच्या हातात दिला.

"ह्याला हळद लागू देऊ नको," तो म्हणाला. "सोमवारी पोरीला घेऊन कालेजात जायचाय."

आणि बनियनवर तो बायकांच्या घोळक्यात शिरला.